साठ शनिवार

पत्र

नमस्कार सर. सांगलीत राज्य सरकारच्या एका कार्यालयात कारकून म्हणून लागलो, आता अधीक्षक आहे. पुढच्या वर्षी ३१ मेला सेवानिवृत्त होईन. बरोबर चौदा महिने उरले. लहानपणी आमच्या घराशेजारी एका मिस्त्रींचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तिथेच. तेव्हापासून सुतारकामाची ओढ आहे, पण नोकरीत काही जमलं नाही. आता ठरवलंय, निवृत्तीनंतर पूर्ण वेळ वर्कशॉप. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मशिनांची यादी तयार आहे: टेबल सॉ (टेबलातून वर आलेली गोल करवत), प्लेनर (फळी सपाट करायला), लेथ (लाकूड फिरवून गोल घडवायला), राउटर (खाचा पाडायला). सगळं मिळून साडेचार लाख होतात, ते रजा रोखीकरणाच्या पैशातून घालीन. जागेचे तीन पर्याय आहेत: दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची मागची गॅलरी (नऊ फूट बाय चार), खालचं पार्किंग, किंवा गावाकडे भावाचा रिकामा गोठा, तीस किलोमीटरवर. मिसेसचं म्हणणं, “इतकी वर्षं घरी फायली आणल्या, आता भुसा आणणार.” उत्सुकता इतकी की रात्री झोप लागत नाही. आधी कोणतं मशीन घ्यावं आणि जागा कोणती निवडावी, सांगावं.

उत्तर

साहेब, स. न. वि. वि.

३१ मे म्हणजे जन्मतारीख १ जून असणार. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी लिहून टाकलेली. एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मेला निम्मं महाराष्ट्र शासन शाल आणि नारळ घेऊन घरी जातं. माझीही जन्मतारीख तीच आणि तशीच. सात वर्षांपूर्वी बँकेतून बाहेर पडलो तेव्हा चार घड्याळं भेट मिळाली. तुम्हालाही मिळतील, भिंतीवर जागा ठेवा.

तुमच्या पत्रात मी एका वाक्यापाशी थांबलो: “नोकरीत काही जमलं नाही.” साहेब, राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. त्याआधीचं सोडून देऊ, पण त्यानंतरचे शनिवार कुठे गेले? रागावू नका, माझेही रविवार असेच गेले. “रिटायर झाल्यावर करू” या वाक्यात मोठी सोय असते. ते म्हणत राहिलं की आवडही शाबूत राहते आणि हातही मळत नाहीत. चौदा महिन्यांत साठच्या आसपास शनिवार येतात. त्यातले दहा-बारा लग्नाकार्यात जातील, काही गणपती-दिवाळीत, एखादा पोट बिघडल्यामुळे. तरी चाळीस उरतात. माझं उत्तर या चाळिसांबद्दल आहे. मशिनांचं नंतर बघू.

मी काय केलं ते आधी सांगतो. निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात एक टेबल सॉ घेतला. तोवर हाताने एक सरळ काप मला घालता येत नव्हता. मशीन आलं, पेढे वाटले, शेजाऱ्यांना दाखवून झालं. फळी घातली तर ती दुसऱ्या टोकाला वाकडी बाहेर यायची. दोष मशीनचा नव्हता. फळीची एक कड तरी आधी सरळ असावी लागते, ती मशीनच्या आडपट्टीला टेकवायची असते, हे मला ठाऊकच नव्हतं. आज त्या मशीनवर पोतं आहे आणि पोत्यावर मांजर झोपतं. मांजर खूश आहे.

म्हणून तुमच्या पहिल्या शनिवारी दुकानात पैसे घालवायला जाऊ नका. एखाद्या मिस्त्रीकडे जा. दुकान छोटं हवं, मालक स्वतः रंधा मारणारा हवा. ‘मॉड्युलर किचन’ करणाऱ्यांकडे प्लायवूड आणि लॅमिनेट शिकाल, लाकूड नाही. जाऊन सरळ सांगा, “चार महिने शनिवारी सकाळी येतो, पडेल ते काम करतो, शिकवण्याचे पैसे देतो.” पैसे द्याच. फुकट शिकायला आलेला साहेब कुणालाच नको असतो, आणि मिस्त्रीचा वेळ हीच त्याची कमाई. अमावस्येला जाऊ नका, आपल्याकडचे बरेच कारागीर त्या दिवशी दुकान बंद ठेवतात. तुमच्या मुलाच्या वयाचा मिस्त्री “काका, दोन सूत कमी घ्या म्हटलं होतं ना” असं चारचौघांत म्हणेल, त्याचीही तयारी ठेवा. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टेप घ्याल तर इंचवाली घ्या, दुकानात मिलिमीटर कुणी बोलत नाही.) ज्या माणसाच्या केबिनमध्ये लोक विचारून आत येतात त्याला हे सुरुवातीला टोचतं. पण ३१ मेनंतर केबिन नसणारच आहे. त्याची सवय खुर्चीवर असतानाच झालेली बरी.

मिरज तुमच्यापासून दहा किलोमीटर. एखाद्या दिवशी वेळ काढून तंतुवाद्यं बनवणाऱ्यांकडे जा. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार तिथले. शस्त्रांचं काम सरत गेलं तसे फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारखे कारागीर एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले, आणि आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. मी हे प्रेरणा म्हणून सांगत नाहीये, तो प्रकार मला जमत नाही. तिथे गेल्यावर फक्त हत्यारं मोजा. जमिनीवर बसून काम करणाऱ्या माणसाच्या हाताशी किती कमी वस्तू असतात ते बघा आणि घरी येऊन आपली यादी पुन्हा काढा.

आता पहिली वस्तू. पाट करा.

हसू नका. पाटात सगळं सुतारकाम आहे. फूटभर रुंद, दीड फूट लांब, इंचभर जाड फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, बस. पण त्या फळीचा एक चेहरा आधी सपाट करावा लागतो. दोन्ही टोकांना दोन सरळ पट्ट्या उभ्या ठेवायच्या, डोळा खाली नेऊन एकीवरून दुसरी बघायची. दोघींच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर फळीला पीळ आहे. उंच कोपऱ्यांवर रंधा मारायचा, पुन्हा बघायचं. रंधा अडखळला, फळी ओरबाडल्यासारखी झाली, की समजायचं आपण लाकडाच्या रेषांच्या उलट चाललोय. फळी फिरवून घ्यायची. मग एका क्षणी रंध्याचा आवाज बदलतो. खरखर थांबते आणि सुस्स करून अखंड ढलपी वर येते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, हातात घेतली तर पलीकडचं दिसावं इतकी पातळ. ती मी खिशात घालून घरी आणली होती. बायकोने धुवायच्या शर्टातून काढली आणि विचारलं, हे काय आहे. मला सांगता आलं नाही.

खालच्या पट्ट्या कशाला, तर फळी पाऊस-उन्हात कवडीसारखी वाकू नये म्हणून. पण खरी गंमत पुढे आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. फूटभर रुंद सागवानी फळी पावसाळ्यात आणि मे महिन्यात मोजली तर दीड-दोन मिलिमीटरचा फरक सहज मिळतो. तुम्ही पट्टी फेव्हिकॉल लावून आणि सगळे स्क्रू घट्ट आवळून बसवलीत, तर फळीला हलायला जागाच उरत नाही आणि उन्हाळ्यात ती मधोमध तडकते. उपाय साधा आहे. पट्टीला गोंद नाही. मधला स्क्रू घट्ट, आणि कडेच्या दोन स्क्रूंसाठी पट्टीतली भोकं लांबट, म्हणजे फळी हलली की स्क्रू तिच्याबरोबर सरकेल. ज्याला हे एकदा हाताने कळलं त्याला दरवाजा पावसाळ्यात का अडकतो, जुन्या कपाटाच्या फळ्या खाचेत सैल का ठेवलेल्या असतात, हे सांगावं लागत नाही. मात्र स्क्रूची लांबी मोजून घ्या. बसणाऱ्याला ती कळता कामा नये.

पहिला पाट सागवानाचा करू नका. सागवान घनफुटाच्या भावाने मिळतं आणि चूक महाग पडते. शिवाय त्यात सिलिका असते, हत्याराची धार लवकर जाते. कुपवाड एमआयडीसीत परदेशी मालाच्या पेट्यांचं पाइन भंगारात मिळतं. लाकडावर ‘एचटी’ असा शिक्का बघून घ्या, म्हणजे ते उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे. ‘एमबी’ शिक्का असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते सोडा. खिळे सगळे काढा. एक राहिला तरी रंध्याचं पातं गेलं.

हत्यारं थोडकी पुरतात. बारीक दातांची करवत, एक रंधा, पाव, अर्धा आणि पाऊण इंची पटाशा, गुण्या (काटकोन तपासायला), चार क्लॅम्प, एक व्हाइस (लाकूड घट्ट पकडायला), आणि धार लावायला दोन बाजूंचा दगड. आजच्या भावाने दहा-बारा हजारांत बसावं. दगडावर मात्र कंजुषी नको, कारण बाजारातून आणलेल्या पटाशीला धार नसतेच, ती आपण लावायची असते. हा भाग शिकायला मला अख्खा पावसाळा लागला. पात्याची मागची बाजू आरशासारखी सपाट झाली पाहिजे, पुढचा उतार हात न हलता एकाच कोनात घासला पाहिजे, आणि मग कडेला नखाला जाणवेल अशी बारीक कोर उभी राहते. ती पलीकडून काढली की धार आली. मनगटावरचे केस जातात का बघतात लोक. मी कागद कापून बघतो. केस तसेही फारसे उरलेले नाहीत.

जागेचं सांगतो. गोठा सुंदर आहे, मला कळतं. शेणाने सारवलेली जमीन, आढ्यातून येणारं ऊन, मोबाइलवरच्या व्हिडिओत शोभेल असं सगळं. पण तीस किलोमीटर म्हणजे जाताना डबा, येताना दूध, भावाकडचा चहा, वहिवाटीच्या गप्पा, आणि तासाभराच्या कामासाठी अख्खा दिवस. पहिला महिना रोज जाल, दुसऱ्यात आठवड्यातून एकदा, नंतर श्रावणात. हौसेची जागा अशी हवी की रात्री जेवण झाल्यावर “तो सांधा सुकला का बघून येतो” म्हणून चपला न घालता जाता यावं.

पार्किंग वाहनांसाठी असतं. सोसायटीत आज सगळे तुमचे मित्र असतील, पण ग्राइंडरचा आवाज सुरू झाला की मैत्रीची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. आणि तुम्ही सांगलीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती, धोक्याची पातळी ४५. मी तुम्हाला पूर शिकवायला नको. तुमचं घर कुठल्या बाजूला आहे ते तुम्हालाच ठाऊक, पण जिथे पाणी येऊन गेलंय तिथे जमिनीत बोल्ट मारून मशीन बसवू नका.

राहिली गॅलरी. नऊ बाय चार म्हणजे भरपूर. टोकाच्या भिंतीला चार फूट लांब, दीड फूट रुंद टेबल भिंतीतच पक्कं ठोकून घ्या, नाहीतर रंधा मारताना टेबल पुढे आणि तुम्ही मागे अशी वरात निघेल. उंची ठरवायला सरळ उभं राहून हात खाली सोडा आणि तळवे जमिनीला समांतर करा. तळवा टेकेल तिथे टेबलाचा वरचा पृष्ठभाग. माझ्या उंचीला साडेबत्तीस इंच आलं. हत्यारं भिंतीवर. गॅलरीतला प्लग बहुधा ६ अँपिअरचा असेल, म्हणजे २३० व्होल्टला १,३८० वॅटपर्यंतच. पुढे मोठं काही लावायचं असेल तर मीटरपासून वेगळी वायर आणि १६ अँपिअरचा प्लग वायरमनकडून टाकून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे वीज गळू लागली की आपोआप बंद करणारा स्विच. हे मात्र नोकरीत असतानाच करा, नंतर प्रत्येक खर्चाआधी पासबुक बघायची खोड लागते.

आणि एक चष्मा करून घ्या. तुमच्या वयाला प्रोग्रेसिव्ह काच असणारच. त्या काचेच्या कडेने बघितलं तर सरळ रेषा वाकडी दिसते. मी दोन महिने गुण्या खराब आहे असं समजत होतो. नेत्रतज्ज्ञांना टेप दाखवून सांगा, “मला इथून, दोन फुटांवरून स्पष्ट दिसायला हवं.” एकाच नंबरचा साधा चष्मा, फक्त कामाच्या टेबलाजवळचा.

यंत्रांबद्दल एकच गोष्ट जोरात सांगतो. बाजारात चार इंची अँगल ग्राइंडरला बसणारं लाकूड कापायचं दातेरी पातं मिळतं. अनेक मिस्त्री ते सर्रास वापरतात. तुम्ही वापरायचं नाही. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो, त्याचं कवच या पात्यासाठी बनलेलं नसतं, आणि दाता लाकडात अडकला की मशीन उसळून थेट अंगावर येतं. माझ्या डाव्या तर्जनीचं टोक थंडीत अजून बधिर होतं. चार टाके. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला धनुर्वाताच्या इंजेक्शनचा, आणि मला शेवटचं कधी घेतलं ते आठवेना. तुम्ही आत्ताच घेऊन ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, साखर असेल, तर डॉक्टरांना हौस सांगून ठेवा. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे नकोत, ते गुंडाळले जातात. अंगठी, साखळी, कडं, दोरा, सगळं काढून ठेवा.

वहिनींचं भुशाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, माझ्यापेक्षा जास्त बरोबर आहे. वर्षानुवर्षं रोज लाकडाची धूळ नाकात गेलेल्या कामगारांना नाकाच्या पोकळीचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. रंध्याच्या ढलप्या उडत नाहीत, त्या झाडूने गोळा होतात. सँडर (लाकूड घासायचं मशीन) आणि राउटरची धूळ पिठासारखी, ती पडद्यांत, पोळ्यांत, फुप्फुसात. नऊ बाय चारच्या गॅलरीत पहिलं वर्ष हाताचीच हत्यारं, हे त्यासाठीही. आणि एन९५ मास्क.

पण त्या फक्त भुशाबद्दल बोलत आहेत असं मला वाटत नाही. आठ ते सहा तुम्ही वर्कशॉपमध्ये, तर नऊचा नाश्ता, अकराचा चहा, एकचं जेवण आणि चारचा चहा कुठून येणार आहे? तुम्हाला ३१ मेला निवृत्तीचा आदेश मिळेल. वहिनींच्या आदेशावर अजून कुणाची सही झालेली नाही. तुम्ही ऑफिसात असताना दुपारचं घर त्यांचं होतं. तिथे आता एक माणूस ठोकाठोक करत बसणार. त्यांना एकदा निवांत विचारा, तुमच्या दिवसात तुम्हाला काय हवंय. आणि अकराचा चहा स्वतः करायला शिका, सांध्याहून सोपा आहे. मी न विचारता बायकोसाठी मोठ्या थाटात मसाल्याचा डबा केला होता, सात खणांचा. झाकण पावसात फुगून बसलं. आता त्यात औषधांच्या गोळ्या असतात, झाकण नाही.

पैशाचं थोडक्यात. ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचं रोखीकरण मिळतं, ते एकरकमी हातात आलं की माणसाला आपण श्रीमंत वाटतो. तसंच अंशराशीकरणाचं, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेण्याचं; ४० टक्क्यांपर्यंत घेता येतं खरं, पण त्यापोटी पेन्शनमधून १५ वर्षं कपात होत राहते. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने एकही मशीन घेऊ नका. साडेचार लाख मुदत ठेवीत टाका. त्यानंतर, ज्या कामाने हात दुखून आला असेल तेवढ्याच कामाचं मशीन घ्या. माझ्या बाबतीत ते जाड लाकूड उभं चिरणं होतं, म्हणून एक जुना छोटा बँडसॉ (पट्टीसारख्या पात्याची करवत) घेतला. तुमच्या बाबतीत काय असेल ते आज तुम्हालाही माहीत नाही. लेथ कदाचित कधीच लागणार नाही. सावंतवाडीला चितार आळीत लाकडी खेळणी बघून आलात आणि वेड लागलं, तर मग बघू.

आणि आठ ते सहाचं वेळापत्रक फाडून टाका. निवृत्त माणसाचा दिवस रिकामा नसतो, तो सगळ्यांना रिकामा दिसतो, म्हणून भरतो. बँकेत तुम्ही, गॅसवाल्यासाठी तुम्ही, नातवाला बसपर्यंत तुम्ही, सोसायटीचे सेक्रेटरी तर तुम्हीच. हे पद आधीच नाकारा. रोजचे दोन तास मिळाले तरी पुष्कळ आहेत, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी कंबरही तेवढेच देते. मी सकाळी सात ते नऊ काम करतो, खटखट साडेसातनंतर.

येत्या शनिवारी मिस्त्री शोधा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला घरात हत्यारांची पूजा मांडाल, तेव्हा त्यात दोन-तीन तरी झिजलेली असू द्या. तोवर पाट झाला तर फोटो पाठवा. खालच्या बाजूचा.